आधी घर दाखवा

वसुलीला आलेला माणूस दारातच आकडा सांगतो. नंदेश्वर मॅडम आकडा सांगत नसत. स्कूटर फाटकापाशी लावून, चपला दाराबाहेर काढून त्या आत येत आणि म्हणत, "आधी घर दाखवा."

ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई लिलावाची किंमत काढायला आली. मॅडम मोजायला टेप लावत नसत आणि काही लिहूनही घेत नसत. नुसत्या एकेका खोलीतून फिरत आणि विचारत, इथं कोण झोपतं, जिना बाहेरून आहे का, हा पलंग कोणाचा, पलंगाखाली काय आहे. आमच्याच लेआउटमधल्या एका ऑटोवाल्याच्या घरात त्यांना पलंगाखाली चादरीत गुंडाळलेली शिलाई मशीन दिसली. आठ महिन्यांचे हप्ते थकलेले होते. मॅडमनी नवऱ्याला काही न विचारता त्याच्या बायकोला विचारलं, ही बंद काहून आहे. पुढच्या जूनपासून त्या घरात दोन शाळांचे गणवेश शिवले जाऊ लागले. ते घर आजही त्या ऑटोवाल्याचंच आहे. मॅडम म्हणत, "माणूस आकडा लपवते, भाऊ. घर नाही लपवत."

नागपूरच्या रामदासपेठेत एका घरकर्ज कंपनीचं ऑफिस आहे, तिथं त्या वसुली अधिकारी होत्या. पन्नाशी ओलांडलेली, सडपातळ, डोळ्यांवर जाड काच, बोलणं हळू. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. माझं त्यांच्याशी भांडण होतं आणि ते मी बरीच वर्षं जिवापाड जपलं. तेव्हा या लिहिण्यात कुठे कडवटपणा आला तर तो माझ्या स्वभावाचा समजावा, त्यांचा नव्हे.

माझा स्वभाव सांगायचा तर आईपासून सुरुवात करावी लागेल. आम्ही उमरेडचे विणकर. बाप लवकर गेला, आई हातमागावर बसायची. लुगडी न्यायला शेठ यायचा. त्यानं भाव सांगितला की आई मान हलवायची नाही, बोलायचीही नाही, नुसता धोटा चालू ठेवायची. शेठ दोनदा उठून जायचा आणि तिसऱ्यांदा परत येऊन भाव वाढवून द्यायचा. मी शाळेत फार काही शिकलो नाही, पण हे शिकलो. सोळाव्या वर्षी नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या गोडाऊनमध्ये हमाल म्हणून लागलो, पुढे माझ्या स्वतःच्या तीन गाड्या झाल्या, वाडीतच भाड्यानं एक गोडाऊन घेतलं आणि बुटीबोरीच्या एका कापड गिरणीचा माल मी वाहू लागलो. या सगळ्या प्रवासात पहिल्या भावाला मी कधी हो म्हटलं नाही.

वाडीच्या मागे प्लॉट घेऊन, मॅडमच्याच कंपनीचं कर्ज काढून दुमजली घर बांधलं, तेव्हा आईनं एकच गोष्ट मागितली. तिच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी, जमिनीपासून वीतभर उंचीवर. मागाच्या खड्ड्यात बसणाऱ्या माणसाचे डोळे जमिनीलगत असतात. तिनं चाळीस वर्षं जग तिथूनच पाहिलं होतं. मिस्त्री हसला. म्हणाला, "भाऊ, कुत्र्यासाठी खिडकी बांधून राहिले का?" आई तिथंच बसली होती. म्हणाली, "कुत्रं तर उभ्यानंच पाह्यते, बाबू. बसून पाहाले माणूस लागते." खिडकी झाली. त्यानंतर आमच्या घरी घंटी वाजायच्या आधी कोण आलं ते आई सांगायची.

मॅडमची आणि माझी पहिली भेट दुसऱ्याच्या घरासमोर झाली. एका इलेक्ट्रिशियनचं घर कंपनी ताब्यात घेत होती आणि सामान हलवायला माझी गाडी बोलावली होती. पोलीस आलेले, कुलूप तयार, गल्लीत माणसं जमलेली. आत गॅसवर भात होता. हवालदार घाई करू लागला तेव्हा मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भात होऊ द्या. कुलूप कुठं पळून नाही चाललं." वीस मिनिटं सगळे उभे राहिले. भात झाला, डब्यात भरला, मगच पहिली पेटी बाहेर आली. देव आणि मुलांची दप्तरं मॅडमनी स्वतः आणून माझ्या केबिनमध्ये ठेवली. मी भाडं दुप्पट सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दुसरा भाव असन तर तोच आधी सांगा, भाऊ. माझ्याकडे दुसरा भाव नसते." मी निम्म्यावर आलो आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिलो.

निघताना त्या कुलपाकडे बघत म्हणाल्या होत्या, "हे घर वाचलं असतं. मी तीनदा आली, तीनदा यानं दार नाही उघडलं. घर पाहू दिलं असतं तर काही सुचलं असतं." मला ते तेव्हा नाटक वाटलं.

मग टाळेबंदी आली. बुटीबोरीची गिरणी बंद, माझ्या तिन्ही गाड्या गोडाऊनसमोर उभ्या. वरून परिपत्रक आलं की काही महिने हप्ता भरू नका, चालेल. मी नाही भरला. हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही, हे मला नंतर कळलं. सवलत संपली तेव्हा गिरणी अर्धीच सुरू झाली होती आणि हप्ता पुराच उभा होता. त्यानंतर दुसरं परिपत्रक आलं. ज्यांचा धंदा या साथीत बसला त्यांचं कर्ज नव्यानं बांधून द्यावं, मुदत वाढवावी, हप्ता कमी करावा. घरं जप्त होऊ नयेत म्हणूनच ते होतं. त्याला शेवटची तारीख होती.

मॅडमनी मला बोलावून कागद पुढे ठेवला. सह्यांच्या जागी पेन्सिलनं फुल्या मारलेल्या होत्या. मी कागद वाचला आणि बाजूला सरकवला. म्हटलं, वाढलेलं व्याज माफ करा, मग सही करतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे माझं दुकान नाही. वरून आलेला नियम आहे, महिनाअखेर बंद होते. माझ्याकडे दुसरा भाव नाही." हे वाक्य मी आयुष्यभर हजार व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. प्रत्येकाकडे दुसरा भाव निघाला होता. मी उठून आलो.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी म्हटलं, विचार करून राहिलो. आठवड्यानं पुन्हा आला. मी मनातून खूश झालो. शेठ दोनदा येतो, तिसऱ्यांदा वाढवून देतो. मी तिसऱ्या फोनची वाट पाहत बसलो, आणि तिसरा फोन आला नाही.

नव्या महिन्याच्या तीन तारखेला मी स्वतःच ऑफिसात गेलो, जरा ऐटीतच. म्हटलं, चला, तुमचंही राहू द्या, माझंही राहू द्या, कागद काढा. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "तीन दिवस झाले, भाऊ." इतकंच. मी टेबलावर हात आपटला. तुम्ही मला नीट सांगितलं नाही, तिसरा फोन काहून नाही केला, गरिबाचं घर गिळायला बसलेत, असं तोंडाला येईल ते बोललो. सुरक्षारक्षक आत आला. मॅडमनी त्याला हातानंच थांबवलं. खरं म्हणजे त्यांनी सांगितलं होतं, आणि एकदाच सांगितलं होतं. जगात एकाच भावाची माणसं असतात, हेच मला माहीत नव्हतं.

पुढे रीतसर नोटीस आली. साठ दिवसांत सगळं कर्ज भरा, नाही तर घर ताब्यात घेऊ. नोटिशीमागोमाग एका सकाळी मॅडम आल्या. आई आतून म्हणाली, "चश्म्यावाली बाई आली, रमेश." मॅडमनी चपला काढल्या आणि म्हणाल्या, "आधी घर दाखवा." मी समोरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलो, उठलो नाही. शेवटी आईनंच उठून घर दाखवलं. दोघी बराच वेळ तिच्या खोलीत होत्या. एकदा आई हसलेली ऐकू आली. मला त्याचाही राग आला.

आठवड्यानं त्या तोड घेऊन आल्या. नोटिशीला लेखी उत्तर द्या, कर्जदारानं उत्तर दिलं की कंपनीला त्याचा विचार करावा लागतो. एक गाडी विका, थकलेले हप्ते त्यातून भरा, म्हणजे खातं पुन्हा सुरळीत होईल. आणि घर, सगळं घर, तीन वर्षांसाठी भाड्यानं द्या. वाडीच्या एका मोठ्या गोडाऊन कंपनीला आपल्या अधिकाऱ्यांसाठी घर हवं होतं. भाडं थेट कर्जाच्या खात्यात जाईल. तुम्ही तुमच्या गोडाऊनवरच्या खोलीत राहा.

त्या खोलीवर टिन होतं. नागपूरच्या मे महिन्यात टिनाखाली काय होतं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी उसळलो. म्हटलं, "माह्या म्हाताऱ्या आईले टिनाखाली झोपवू? तुम्ही घर वाचवाले आल्या का आमाले घरातून काढाले?"

मॅडम म्हणाल्या, "दोन्हीले."

मी आईकडे बघितलं. ती पदर सारखा करत होती. माझी बायको मंदा मात्र लगेच तयार झाली. मला दुसरा रस्ता नव्हता. सही करताना पेन कागदात रुतला.

भाडेकरारात एक अट होती. पूर्वेच्या, म्हणजे आईच्या खोलीतली खालची खिडकी बुजवू नये, तिच्यासमोर पलंग किंवा कपाट ठेवू नये. गोडाऊन कंपनीचा माणूस म्हणाला, इथं दोन पलंग बसतात, ही अट काढा, भाडं वाढवून देतो. मी लगेच म्हटलं, काढा. मॅडम म्हणाल्या, "नाही निघणार." मी म्हटलं, घर माझं आहे, खिडकी माझी आहे. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला मी ऐकला. "अट राहीन, भाऊ. नाही तर मी हा कागद फाडीन." वाढत्या भाड्यावर पाणी सोडायला लावणारी वसुलीवाली मी तरी दुसरी पाहिली नाही. मी हाही गुन्हा त्यांच्या नावावर लिहून ठेवला.

गोडाऊनवरच्या खोलीला एकच झरोका होता, आणि तो डोक्याच्या वर. खाली ट्रक यायचे, हमालांची ओरड चालायची, आणि आई भिंतीकडे तोंड करून बसलेली विचारायची, "कोण आलं गा?" पहिला उन्हाळा तिनं काढला. मॅडम महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या, कधी पपई घेऊन, कधी कूलरचं नवं गवत घेऊन. मी खाली उतरून जायचो. त्या आणि आई वर बसायच्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, भर दुपारी आई गेली. कूलर सुरू होता. मंदा तिला पाणी पाजत होती. तिनं दोन घोट घेतले आणि तिसऱ्याला तोंड मिटलं. तिच्यासाठी बांधलेलं घर तिथून पाच मिनिटांवर होतं आणि त्यात परके लोक दुपारची झोप घेत होते.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. नातेवाईक बसले होते. त्यांनी जिन्यापाशी चपला काढल्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "या मॅडम. आधी घर दाखवू का?"

मॅडमनी आईच्या फोटोला हात जोडले, वाकून चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. मी ते वाक्य कितीतरी दिवस लोकांना सांगत होतो. चांगलं सुनावलं असं वाटायचं.

करार संपायला दोन महिने उरले असताना त्यांच्या ऑफिसातल्या कारकुनाकडून कळलं की मॅडम आजारी आहेत आणि आता बऱ्या होणार नाहीत. रामदासपेठेतच एका दवाखान्यात होत्या. मी गेलो. माफी मागायला गेलो असं आज लिहिता येईल, पण ते खोटं होईल. त्या जाण्याआधी त्यांच्या तोंडून एकदा 'चुकलं' हा शब्द मला हवा होता. हिशेब अर्धा ठेवायची मला सवय नाही.

खाटेवर त्या फारच लहान दिसत होत्या. चष्मा उशीजवळ होता. त्यांनी तो घातला, मला ओळखलं आणि गाड्या कशा चालून राहिल्या ते विचारलं. मी सरळच बोललो. म्हटलं, घर वाचलं, कबूल आहे. पण माझी आई टिनाखाली मेली. वरचा मजला भाड्यानं देता आला असता, खालच्या खोलीत ती राहिली असती. तुम्ही पूर्ण घर काहून द्यायला लावलं?

त्या म्हणाल्या, "माह्या तोडीत वरचाच मजला होता, भाऊ. आन् दोन गाड्या विकायच्या होत्या. तुमच्या आईनं ती बदलवली."

मला काही समजेना. त्या थांबत थांबत सांगत गेल्या. त्या सकाळी खालच्या खिडकीपाशी बसून त्यांनी आपला विचार आईला सांगितला होता. आई म्हणाली, "दोन गाड्या विकल्या त तो एका गाडीवर काय करन, बाई? घरात बसून भांडन. सगळं घर देऊन टाका, दोन गाड्या राहू द्या." मॅडम म्हणाल्या, वर टिन आहे, तुमचं वय पाहा.

"त्या काही बोलल्याच नाही. गप्प बसून राहिल्या. मी दोनदा उठली, दोनदा दारापर्यंत गेली. तिसऱ्यांदा बसली आन् हो म्हटलं." मॅडमच्या चेहऱ्यावर किंचित हसू होतं. "तीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाच दुसरा भाव दिला, भाऊ. तुमच्या आईले."

मी विचारलं, "आन् खिडकी?"

"ते त्यांनी वरून मागून घेतलं. म्हणाल्या, मी वापस येईन का नाही माहीत नाही, पण खिडकी बुजू देऊ नका. तो म्हातारा होईन तवा त्याले लागन."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तसंच ठरलं होतं. म्हणाल्या, त्याले माहीत झालं त तो सही नाही करणार. तुमच्यावर चिडला त चालते, तुमाले सवय असन." त्यांनी चष्मा काढून पुन्हा उशीजवळ ठेवला. "सवय होतीच. त्या दिवशी जिन्यात मात्र जड गेलं."

मी खाली बघत बसलो. नर्स आली, वेळ संपली म्हणाली. मी उठलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "घरी राहाले गेले की बोलवा. तुमच्या हातानं घर पाहाचं राहिलं."

मी हो म्हटलं. अकराव्या दिवशी त्या गेल्या.

करार संपला, कंपनीची माणसं गेली, मी चावी घेऊन एकटाच घरी गेलो. भिंतींना खिळे मारलेले होते, स्वयंपाकघरातला एक नळ बदललेला होता. आईच्या खोलीत पलंग होता तो आतल्या भिंतीला लावलेला. खिडकीसमोरची जागा मोकळी होती. फरशीवर चहाच्या कपाचे गोल डाग होते, म्हणजे तिथं कोणीतरी रोज बसत होतं.

मी त्या घरात आठ वर्षं राहिलो होतो आणि त्या खिडकीतून कधी बाहेर बघितलं नव्हतं. उभ्यानं बघितलं तर नुसता ओटा दिसतो. चपला काढल्या आणि खाली बसलो. मग रस्ता दिसला, थेट वळणापर्यंत. वळणावरून एक स्कूटर येत होती. ती फाटकापाशी थांबली नाही, पुढे गेली. मी तसाच बसून राहिलो.